भूमिपूजनानंतर काय झाले, तेही आमदारांनी कळवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की आमदारांचा कार्यअहवाल घरोघर पोहोचतो. गुळगुळीत कागद, पहिल्या दोन पानांवर नेत्यांचे फोटो, मग मनोगत आणि त्यानंतर गावनिहाय यादी: 'अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण, १० लक्ष', 'सभामंडप, १५ लक्ष', 'स्मशानभूमी शेड, ७ लक्ष'. शेवटी बेरीज, बहुधा शेकडो कोटींची. या यादीतल्या कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून 'हे काम आज कुठवर आले' असे विचारले, तर पुस्तिकेत उत्तर सापडत नाही. रस्ता कुणाच्या घरापासून कुठपर्यंत, किती मीटर, कोणत्या योजनेतला, पैसे आले की नुसती मान्यता आली, हे त्यात नसतेच. फोटो मात्र नारळ फोडतानाचा असतो.

आमदार लोकांना काही कळवत नाहीत, अशी आमची तक्रार नाही. उलट रोज सकाळी काही ना काही येतेच. पण कळवायचे ते कामाच्या टप्प्यावर कळवावे, तारखेसह कळवावे आणि अडलेले कामही कळवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते कसे जमेल हे जरा तपशिलाने लिहितो.

काम कागदावर आल्यापासून वापरात येईपर्यंतच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आमदार निधीतले काम असेल तर शिफारसपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाते. तिथे यंत्रणा ठरते: जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा नगरपालिका. यंत्रणेचा अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. काम चालू झाले की मोजमाप पुस्तिकेत, जिला सगळे एमबी म्हणतात, नोंदी होतात. त्या नोंदींवर देयक निघते. शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि त्यापुढे दोष दायित्व कालावधी. या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायचा असतो. हा कालावधी कधी संपतो ते गावात बहुतेकांना ठाऊक नसते, त्यामुळे मुदतीत उखडलेला रस्ताही पुन्हा नव्या निधीतून होतो.

यातल्या चार पायऱ्यांची बातमी येते: पत्र दिले, मान्यता मिळाली, निविदा निघाली, नारळ फुटला. रस्ता एकच, पण वाचणाऱ्याला चार रस्ते झाल्यासारखे वाटते. नारळ फुटल्यावर मात्र सगळे गप्प. आणि काम अडते ते बहुतेक वेळा तिथेच.

का अडते? कारणे पाच-सहाच आहेत आणि ती दर तालुक्यात सारखी आहेत. रस्त्याची जागा सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाची निघते आणि तो माणूस आडवा पडतो. वनखात्याची हद्द लागते. जलजीवन मिशनची नळाच्या पाण्याची पाइपलाइन अजून टाकायची असते, म्हणून काम थांबवतात. किंवा थांबवत नाहीत, काँक्रीट होते आणि मग महिन्याभरात तेच काँक्रीट फोडून पाइप टाकतात, जे आपण महाराष्ट्रभर पाहिले. ठेकेदाराने अंदाजपत्रकापेक्षा फार खालच्या दराने निविदा भरलेली असते, काम हातात आल्यावर परवडत नाही आणि तो येतच नाही. मान्यता पूर्ण रकमेची, पण अर्थसंकल्पात तरतूद थोडकीच, हाही नेहमीचा प्रकार. बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, निधी दिसत नाही तोवर देयक निघत नाही, आणि एक देयक अडकले की ठेकेदार दुसऱ्या गावचे मशीनही उचलून नेतो. थकीत देयकांसाठी कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये राज्यभर आंदोलने केली, ती याच दुखण्यापायी. आणि आचारसंहिता: कार्यारंभ आदेश निघालेला आहे, पण जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेले नाही, अशा कामाला आचारसंहितेत हात लावता येत नाही. म्हणून निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या आठवड्यात एकेका दिवशी दहा-दहा नारळ फुटतात आणि खडीचा एखादा ढीग टाकून ठेवला जातो.

यातले कोणतेही कारण सांगायला लाज वाटण्यासारखे नाही. 'अमुक वस्तीचा रस्ता जागेच्या वादामुळे थांबला आहे, दोन खातेदारांची संमती बाकी आहे' एवढे आमदारांच्या कार्यालयाने लिहिले, तर गाव त्या दोघांशी बोलेल. गप्प राहिले तर गावात दुसरेच बोलले जाते: पैसे खाल्ले.

आता आकड्यांकडे येतो. फलकावर रक्कम असते, मापे नसतात. लोकांना उपयोग मापांचा होतो. समजा गल्लीतला रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड आहे. गुणाकार केला की ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण सात-आठ गोण्या सिमेंट धरले, तर ३१५ ते ३६० गोण्या लागायला हव्यात. लांबी आणि रुंदी कुणीही टेप लावून मोजतो, तिथे सहसा गडबड होत नाही. गडबड जाडीत होते, कारण काँक्रीट पडल्यावर ती दिसत नाही. १५ ऐवजी १० सेंटिमीटर टाकले तर ४५ घनमीटरच्या जागी ३० घनमीटर लागते; एक तृतीयांश माल वाचला आणि वरून रस्ता तसाच दिसतो. असा रस्ता ऊस भरलेल्या ट्रॉलीखाली दोन हंगामांत तडकतो. म्हणून काम चालू असतानाच रस्ता कडेने पाहावा, ओतण्याआधी फळीची उंची मोजावी आणि ओतल्यावर निदान १४ दिवस आळे करून पाणी साठवलेले आहे का ते पाहावे. पण १५ सेंटिमीटर ठरलेले आहे हे आधी कळले पाहिजे ना! अंदाजपत्रकातल्या तीन आकड्यांना आमदारांच्या पत्रकात एक ओळही लागत नाही. कामाच्या दर्जावर भरारी पथकाने लक्ष ठेवण्यापेक्षा गल्लीतल्या चार जणांनी ठेवलेले लक्ष जास्त उपयोगी पडते, असे आमचे मत आहे.

निधी कोणाचा, हा दुसरा घोळ. महाराष्ट्रातल्या आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटी होता. २०२० मध्ये तो ३ कोटी झाला, २०२१ मध्ये ४ आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ५ कोटी. मतदारसंघात शंभर गावे धरली तरी गावाला वर्षाकाठी ५ लाख येतात. मग पुस्तिकेतले शेकडो कोटी कुठून आले? त्यात पंचवीस-पंधराची कामे असतात, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातली (अर्थसंकल्पातल्या त्या क्रमांकाच्या खर्चाच्या सदरातली). तीस-चोपन्न आणि पन्नास-चोपन्न (३०५४ आणि ५०५४) या लेखाशीर्षांतले रस्ते असतात. जिल्हा नियोजन समितीतली जनसुविधा, नागरी सुविधा, अनुसूचित जातींच्या वस्त्यांची कामे असतात. जलजीवनच्या पाणी योजना असतात, ज्यात अर्धा वाटा केंद्राचा. कधी राष्ट्रीय महामार्गसुद्धा असतो. पाठपुरावा आमदारांनी केला असेल, तसे लिहायला कुणाचीच हरकत नाही. पण पैसा कोणत्या लेखाशीर्षातला, हे कळले तरच लोकांना पुढचा प्रश्न योग्य दारात विचारता येतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे (२०२१ ते २०२६) उदाहरण घ्या. तो पैसा मुख्यतः ग्रामपंचायतीचा. त्यातला ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. ४० टक्के अबंधित. त्याचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. त्यातून झालेल्या गटारावर आमदारांच्या फोटोचा फलक लागला की ग्रामसभेला जायचे कारणच लोकांना उरत नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्या लागतात आणि तिथे गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमत नाहीत, यामागे हाही एक हिशेब आहे. ग्रामसभेची तारीख आणि विषय आमदारांच्या ग्रुपवर आधी टाकले, तर आमदारांचे काही कमी होणार नाही.

रस्त्यांचेही तसेच. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे; प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे; महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे किंवा राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. खड्ड्याचा फोटो मात्र सगळे आमदारांनाच पाठवतात. कार्यालयातला स्वीय सहायक तो पुढे ढकलतो, तो भलत्याच उपविभागात जातो आणि पंधरा दिवसांनी 'सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही' असे उत्तर येते. मतदारसंघातल्या प्रत्येक रस्त्याचे नाव, क्रमांक, वर्ग आणि जबाबदार उपविभाग असा एक तक्ता आमदारांनी एकदाच करून टाकला, तर ही निम्मी पत्रे वाचतील. तक्ता विभागांकडे तयारच असतो, मागायचा तेवढा बाकी आहे.

सभागृहातले काम हा आमदारांच्या कामाचा गाभा, आणि त्याबद्दलच मतदारांना सर्वांत कमी कळते. भाषणाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत येते, खाली 'वाघाची डरकाळी' वगैरे लिहिलेले. सरकारने उत्तर काय दिले, ते नसते.

वर्षात तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नाची, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी दिलेल्या प्रश्नाची, छापील यादी ज्यांनी वाचली आहे त्यांना तिचा साचा पाठ असेल. पहिला भाग, 'अमुक तालुक्यात अमुक प्रकार झाला, हे खरे आहे काय'. दुसरा, 'असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय'. तिसरा, 'असल्यास, चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे'. आणि शेवटी ठरलेले, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तरेही साच्यातलीच: 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', आणि विलंबाच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'.

यात वाचायचे कसे? 'अंशतः खरे आहे' हे सगळ्यांत मोलाचे उत्तर. त्यापुढे खात्याने स्वतःच्या लेखणीने काय कबूल केले आहे ते येते, आणि ते पुढे तक्रारीत, न्यायालयात, माहिती अधिकारात पुरावा म्हणून चालते. 'हे खरे नाही' असे उत्तर आले आणि गावाला ते खोटे आहे हे ठाऊक असेल, तर फोटो, पंचनामे, पावत्या घेऊन आमदारांकडे जायची वेळ तीच. चुकीच्या उत्तराबद्दल मंत्र्यांना पुन्हा सभागृहात गाठता येते. पण गावाने उत्तर वाचलेच नाही, तर 'हे खरे नाही' हेच कागदोपत्री खरे होऊन बसते. आमदारांनी प्रश्न विचारल्याची बातमी देताना प्रश्न क्रमांक आणि मंत्र्यांचे उत्तर शब्दशः द्यावे, असा आग्रह म्हणूनच आहे.

आणखी दोन बारकावे. एकाच तारांकित प्रश्नावर कित्येकदा दहा-पंधरा सदस्यांची नावे असतात. 'आमच्या आमदारांनी प्रश्न मांडला' याचा अर्थ त्या यादीत त्यांचे नाव आहे इतकाच असू शकतो. शिवाय प्रश्नोत्तराच्या तासात प्रत्यक्ष चर्चेला येणारे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांची लेखी उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. ती विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येतात, पण शेकडो पानांच्या फाइलमधून आपल्या तालुक्याचे पान शोधणे शेतातून आलेल्या माणसाला कसे जमावे? आमदारांच्या कार्यालयाने तेवढे एक पान काढून द्यावे. नियम १०५ खालची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, असेल तर मंत्र्यांचे लेखी निवेदन मिळते, तेही द्यावे. औचित्याच्या मुद्द्यावर, म्हणजे एखादा विषय सभागृहाच्या नुसता कानावर घातल्यावर, मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर देणे बंधनकारक नसते, त्यामुळे तो मांडल्याची बातमी ही काम झाल्याची बातमी धरू नये.

सभागृहात मंत्र्यांनी 'करू', 'चौकशी करू', 'महिन्याभरात बैठक लावू' म्हटले की त्याचे आश्वासन होते. त्याची नोंद होते, ९० दिवसांत पूर्तता अपेक्षित असते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. चौथ्या महिन्यात आमदारांनी मतदारांना सांगावे: आश्वासन अमुक तारखेला मिळाले होते, पूर्तता झाली किंवा नाही झाली. सत्ताधारी आमदारांना हे अवघड जाते, हे समजते. विरोधी आमदारही ते फारसे करत नाहीत, याचे कोडे मात्र सुटत नाही.

आता योजनांचे निरोप. इथे चुकीच्या किंवा शिळ्या माहितीने लोकांचे प्रत्यक्ष नुकसान होते. लाडकी बहीण योजनेचा पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयोमर्यादा २१ ते ६० आणि अर्जाची मुदत १५ जुलै होती. २ जुलैला अटी बदलल्या: वय ६५ पर्यंत गेले, पाच एकर शेतीची अट निघाली, अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल असे ठरले, पिवळ्या-केशरी कार्डाला उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली आणि मुदत ३१ ऑगस्ट झाली, पुढे ती ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. पण १ जुलैला लोकप्रतिनिधींच्या फोटोसह फिरू लागलेले कागदपत्रांचे तक्ते कुणी मागे घेतले नाहीत. ज्यांना दाखल्याची गरजच उरली नव्हती अशा बायका दिवसाची मजुरी बुडवून तहसीलसमोर रांगेत उभ्या राहिल्या.

पीक विम्यातही तसेच होते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला ५ टक्के असा हिस्सा पुन्हा भरावा लागू लागला. 'एक रुपयात पीक विमा भरा' हा जुना निरोप मात्र फिरत राहतो, कारण त्यावर तारीखच नसते.

म्हणून योजनेच्या प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर तीन गोष्टी हव्यात: निरोपाची तारीख, तो कधीपर्यंत लागू आणि शासन निर्णयाचा संकेतांक. हा संकेतांक १८ अंकी असतो, पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस सांगतात. शासन निर्णयाच्या तारखेशी ते ताडून पाहावेत, एखाद-दोन दिवस मागेपुढे असतात. संकेतांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून निर्णय निघत नसेल तर तो निरोप पुढे पाठवू नये. जुना निरोप रद्द झाला तर 'अमुक तारखेचा निरोप रद्द' असे वेगळे कळवावे. नुसता नवा पाठवून भागत नाही, जुना गावात फिरतच असतो.

अतिवृष्टीच्या मदतीत याहून मोठी गफलत होते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि पिकाचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले तर मदत, हे बहुतेकांना आता माहीत आहे. 'तालुक्यासाठी इतके कोटी मंजूर' ही बातमी आमदार आवर्जून देतात. त्यापुढचे राहून जाते: तलाठ्याकडे किंवा तहसीलला विशिष्ट क्रमांकाची यादी लागते, तिच्यात आपले नाव शोधायचे, तो विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) आणि आधार घेऊन आपले सरकार केंद्रात ई-केवायसी करायची. ज्यांना ई-केवायसी लागते त्यांची ती झाली नाही तर पैसे खात्यावर येत नाहीत. सामाईक जमिनीत एका भावाची संमती राहिली किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसले, तरी अडते. आमदारांना गावनिहाय आकडे मागता येतात: यादीत किती, ई-केवायसी किती, बाकी किती. हे आकडे आठवड्यातून एकदा गावाच्या ग्रुपवर टाकले तर बाकी राहिलेली माणसे शेजारीपाजारीच शोधून काढतील.

कालव्याच्या गावांसाठी आणखी एक. नीरा, मुळा, गिरणा, उजनी अशा लाभक्षेत्रांत कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला आमदार असतात. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून रब्बी आणि उन्हाळी आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात. पाणी सुटले की 'आमदारांच्या प्रयत्नांना यश' अशी बातमी येते. शेतकऱ्याला मात्र बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी कळायला हवे असते की आवर्तने किती, पहिले कधी सुटणार, किती दिवसांचे, आणि पाणी मागणीचा नमुना ७ चा अर्ज शाखा कार्यालयात देण्याची शेवटची तारीख कोणती. थकबाकी असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि अर्जाविना पाणी घेतले तर पंचनामा होऊन जादा दराने आकारणी होते. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला रब्बीचे पाणी कितपत पोहोचेल याचा अंदाज नोव्हेंबरात आला, तर तो गहू पेरायचा की हरभरा हे तरी ठरवू शकतो.

पाठवायचे कसे, यातही चुका होतात. व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यांना खुला ठेवला की कामाचा निरोप शुभ सकाळ आणि वाढदिवसांत बुडतो. तो 'फक्त ॲडमिन' असा ठेवावा. ब्रॉडकास्ट यादीची मर्यादा २५६ जणांची, आणि ज्यांनी आमदार कार्यालयाचा नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो, हे अनेक कार्यालयांना माहीतच नसते. चॅनेल बरे, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. सरकारी पत्राचा तिरका, अर्धा सावलीत गेलेला फोटो टाकण्यापेक्षा चार ओळींचा युनिकोड मजकूर टाकावा. तो शोधता येतो, मोठा करून वाचता येतो, डोळे अधू असलेल्यांना मोबाइल वाचूनही दाखवतो. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मोबाइलवर भलतीच अक्षरे दाखवतो. आणि महिन्यातून एकदा त्याच मजकुराचा एक छापील कागद, ठळक टायपात, दूध संकलन केंद्रावर, रेशन दुकानात, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एसटी थांब्यावर लावावा. त्यावर फोटो नसला तरी चालेल. असला तर लहान असावा.

आमदारांचे काम कायदे करणे, ही कारकुनी त्यांच्यावर का लादता, असे कुणी म्हणेल. पण टप्प्यांची ही माहिती त्यांच्या पाठपुराव्याच्या फायलीत असतेच, आणि स्वीय सहायकासाठी सरकार भत्ता देते. महिन्यातून दोन दिवस एका माणसाने बसले की पानभर मजकूर होतो. खासदार निधीची कामे १ एप्रिल २०२३ पासून ई-साक्षी पोर्टलवर चढवली जातात, मग आमदार निधीची का नकोत? शहरांत तर हे जास्त निकडीचे होते. २०२२ पासून कित्येक वर्षे मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, आणि नळाला पाणी का नाही इथपासूनचा प्रत्येक प्रश्न आमदारांच्या कार्यालयात जात होता. त्या काळात ज्यांनी प्रभागनिहाय पाणीकपातीचे आणि खोदकामाचे वेळापत्रक आदल्या दिवशी कळवले, त्यांच्या कार्यालयातले फोन कमी वाजले असणार.

जिथे आमदार कळवत नाहीत तिथे वाचकांनी वाट पाहत बसू नये. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'गावातील सर्व कामांची सर्व माहिती द्या' असा अर्ज फेटाळला जातो किंवा हजारो रुपयांच्या झेरॉक्सचे पत्र येते. एकच काम निवडावे, त्याचे नाव फलकावर आहे तसेच लिहावे आणि चार प्रती मागाव्यात: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकाचा गोषवारा, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची पाने. पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. मिळालेल्या चार कागदांचा पानभर गोषवारा करून तोच आमदारांना पाठवावा आणि गावातही लावावा.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक मागणे आहे. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर जिल्हा आवृत्तीत अर्धे पान द्यावे: जिल्ह्यातल्या कोणत्या आमदाराचा कोणत्या विषयावर प्रश्न होता, क्रमांक काय, मंत्र्यांचे उत्तर काय आणि आश्वासन मिळाले असल्यास त्याची तारीख. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती ज्या पानांवर येतात, त्यांतले एखादे वर्षातून तीनदा मोकळे ठेवले तरी पुरे. प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीतच छापलेल्या असतात, बातमीदाराला त्यांचा अनुवादही करावा लागणार नाही.

आपले,
जिल्हा नियोजन आणि बांधकाम विभागांतून निवृत्त झालेले काही वाचक